आईला मुंग्या येतात

आईने खुराड्याचं दार उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कमरेत वाकून अख्खं डोकं आत घातलं.

"आई, लोक बघताहेत," धाकटी म्हणाली.

"बघू देत." आवाज आतून घुमत आला. "घर घेताना माणसं आत जाऊन बघतातच की. कोंबड्यांना आणता येत नाही म्हणून मी बघतेय."

शेतीच्या अवजारांच्या त्या दुकानात, पाइपांची भेंडोळी आणि खताची पोती यांच्या मधल्या जागेत तीन खुराडी मांडून ठेवली होती. एक लाकडाचं, उतरत्या छपराचं, बाजूला छोटी झडप असलेलं, लहान मुलं चित्रात काढतात तसल्या घरासारखं. दुसरं नुसत्या जाळीचं. तिसरं हिरव्या प्लास्टिकचं, आतून बाहेरून गुळगुळीत, मोठ्या बादलीला दार लावावं तसं. आई अर्थातच पहिल्याच्या प्रेमात पडली होती. तिने त्याच्या फळ्यांवर टिचक्या मारून पाहिल्या, झडप दोनदा वर-खाली केली आणि छपरावरून हात फिरवला.

"लाकडी माल हातोहात जातो, बाई," दुकानदार म्हणाला.

"मग हे कोण ठेवून गेलं?"

दुकानदार हसला. धाकटीला हसू आलं नाही. आई असे टोले हाणत असली की ती अगदी पूर्वीची वाटायची, टपाल कचेरीत उभ्याने पत्रांचे गठ्ठे छाटणारी, साहेबालाही न सोडणारी. आणि पूर्वीची वाटली की धाकटी नजर वळवायची, कारण रविवारी दादा गाडी घेऊन येणार होता आणि आईला कायमची घेऊन जाणार होता. खोली तयार होती. सोमवारची डॉक्टरांची वेळही ठरली होती. कोंबड्या शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंकडे जायच्या होत्या, त्यांनी आनंदाने हो म्हटलं होतं. मात्र आईची एकच अट होती. जुन्या खुराड्यासकट कोंबड्या द्यायच्या नाहीत. नवं घ्यायचं.

"अगं, जुनं काय वाईट आहे?" धाकटीने दोन-तीनदा विचारलं होतं.

"त्या आत शिरत नाहीत संध्याकाळी. दारात उभ्या राहतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. एकेकीला उचलून आत ठेवावं लागतं. शेजारणीच्या डोक्याला हा ताप कशाला?"

दादा फोनवर म्हणाला होता, "तिच्या मनासारखं होऊ दे. आता काय, चार दिवसांचा प्रश्न." खुराड्याच्या या हट्टाचीही त्याने मनातल्या मनात तिच्या विचित्र वागण्याच्या यादीत भर घातली असावी. धाकटीने तर घातलीच होती.

आईने दुकानदाराला लाकडी खुराडं उचलायला सांगितलं. त्याने एका बाजूने जोर लावला, मग दुसऱ्या बाजूला मदतीला कोणी दिसतं का म्हणून इकडे तिकडे पाहिलं.

"राहू दे," आई म्हणाली. "शेजारणीची कंबर धरलेली असते. साफ करताना एकटी कशी हलवणार ती?" तिने छपरावर एकदा थोपटलं, चष्मा नाकावर आणला आणि हिरव्या प्लास्टिककडे बोट केलं. "ते द्या. दिसायला काही नाही, पण उचलता येईल."

एवढ्या सहज हार मानलेली आई धाकटीने कधी पाहिली नव्हती. दुकानात पन्नास वस्तू नाकारून पहिलीच घेणारी बाई ती. धाकटी पाइपांच्या भेंडोळ्यांकडे बघत राहिली.

*

सगळं सुरू झालं होतं ते एका साध्या वाक्याने. काही महिन्यांपूर्वी आई फोनवर म्हणाली, "रात्री मुंग्या येतात रे."

दादा जबाबदार मुलगा. त्याने लगेच विचारलं, "हाताला की पायाला?"

"सगळीकडेच. मानेला जरा जास्त."

हाताला मुंग्या आल्या, पायाला मुंग्या आल्या, म्हणजे काय ते कुणालाही कळतं. वय झालं, रक्त नीट फिरत नाही, शिरा दबतात. दादाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवल्या. मग इंजेक्शनं झाली. मग कोणत्या तरी तेलाचं मालिश झालं. मानेला जास्त म्हटल्यावर डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला, आणि तो घालून आई कित्येक दिवस कोंबड्यांना दाणे टाकत हिंडली. कोंबड्या तिला ओळखेनात, असं ती सांगायची. मुंग्या मात्र येतच राहिल्या. शेवटी एक दिवस वैतागून ती म्हणाली, "अरे, तुम्ही समजता तशा मुंग्या नाहीत! चालतात त्या. पाय असलेल्या. मी हाताने उचलून टाकते."

धाकटीही त्या फोनवर होती. तिघांच्याही मनात एकदम तेच आलं.

मोठी मावशी, म्हणजे आईची ताई, गेली त्याच्या आधीचे काही महिने अशीच चादरीवरून काहीतरी वेचायची. चिमटीत धरून, निरखून, पलंगाखाली टाकायची. "किडे आहेत गं, किती आहेत बघ," म्हणायची. थोडं विसरतही होती ती. तिच्या मुलाने तिला शहरात आपल्या घरी नेलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू केल्या, आणि आठवड्याभरात किडे गेले. सगळ्यांनी हुश्श केलं. मग त्याच गोळ्यांनी मावशी दिवसच्या दिवस भिंतीकडे बघत बसू लागली. पण किडे गेले होते, त्यामुळे कुणी गोळ्यांना नाव ठेवलं नाही. आपल्या घरी ती परत आलीच नाही.

सोमवारची वेळ दादाने घेतली होती ती त्याच डॉक्टरांची.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावायची, आणि नजरेतून काही सुटत नाही असा तिचा लौकिक होता. आईकडे आल्या आल्या तिने तिची गादी उन्हात टाकली, चादरी झटकल्या, पलंगाच्या सांध्यांत भिंग घेऊन पाहिलं. कुठे काही नाही. एक मुंगी नाही, ढेकूण नाही, धूळसुद्धा नावापुरतीच. आईच्या मानेवर लाल पुरळ होतं, पण ते खाजवून खाजवून उठलंय असं डॉक्टर म्हणाले होते. साप साप म्हणून भुई धोपटायची तरी किती? भिंग खाली ठेवताना धाकटीला जे नको होतं तेच मानावं लागलं. किडा असलाच तर गादीत नव्हता.

आणि आईनेही त्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "आता येत नाहीत. गेल्या."

"खरंच?"

"खरंच सांगते. बरी आहे मी."

पण बोलता बोलता तिचा हात मानेकडे जायचा आणि धाकटीचं लक्ष गेलं की केस सारखे केल्यासारखं करून खाली यायचा. रात्री पलीकडच्या खोलीतून कूस बदलल्याचे आवाज यायचे, पण हाक कधी आली नाही. आई आपल्यापासून लपवतेय, हे धाकटीला कळत होतं. तिने स्वतःहून जाऊन दिवा लावला नाही. आईची बोटं चादरीवर वेचताना दिसली असती तर तिला ते सोसलं नसतं.

*

दुपार कलताना टेंपो येऊन हिरवं खुराडं टाकून गेला. शेजारीण गावाला गेली होती, शनिवारी यायची होती. तोवर ते मागच्या अंगणातच ठेवायचं ठरलं.

जुनं खुराडं आईच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली, भिंतीला टेकवून होतं. काळपट लाकूड, फळीवर फळी ठोकलेली, वर पत्रा. पहाटे कोंबड्यांची कुरकुर ऐकू आली की बरं वाटतं म्हणून आईने ते तिथेच ठेवलं होतं. दोघींनी नवं खुराडं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणाशी ओढत नेलं, आत भुसा पसरला, पाण्याचं भांडं ठेवलं.

"आज जुन्यातच झोपू देत," धाकटी म्हणाली. "नव्या जागेची त्यांना सवय कुठे आहे? उजाडता उजाडता गोंधळ घालतील."

"बरं," आई म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

ऊन उतरलं तशा कोंबड्या अंगणभर पांगलेल्या होत्या त्या गोळा झाल्या. पुढे मास्तरीण, मान ताठ ठेवून चालणारी. तिच्या मागे भुरी, आणि सगळ्यांत शेवटी, कायम उशिरा निघून धावत येणारी घाई. जुन्या खुराड्यासमोर येऊन तिघी थांबल्या. दार उघडं होतं. मास्तरणीने एक पाय उचलला, तो तसाच धरून ठेवला, आणि मागे घेतला. मग खरोखरच तिने मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"बघितलंस?" आई म्हणाली. "रोजचं आहे हे." ती वाकली, भुरीला छातीशी धरून उचलू लागली.

पण तेवढ्यात मास्तरीण वळली. अंगण ओलांडून ती कुंपणाकडे गेली, हिरव्या खुराड्याच्या दाराशी क्षणभर घुटमळली आणि आत शिरली. घाई तिच्या मागे पळाली. भुरीने आईच्या हातांतून धडपडत सुटका करून घेतली आणि तीही गेली. आतून भुशात बसकण मारल्याचा आवाज आला, थोडी ढकलाढकली झाली, आणि मग सगळं शांत.

"आता काय म्हणशील?" आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणे सवय नाही!"

 धाकटी उघड्या दाराच्या जुन्या खुराड्याकडे बघत होती. कोंबड्या हट्टी असतील, मूर्ख असतील, पण उगाच कुणाच्या मनासारखं वागायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आई कोंबड्यांबद्दल सांगत होती ते खरं निघालं होतं. अक्षरशः खरं, एक पाय उचलून मागे घेण्यापर्यंत. धाकटीला वाटलं होतं की आईला तसा भास होतो.

"साप बीप तर नाही ना आत?" ती म्हणाली.

"असता तर अंडी गेली असती."

आई दाणे आवरायला आत गेली. धाकटी गुडघ्यांवर बसली. वासाशिवाय आत वावगं काही दिसेना. तिने हात घालून तळ चाचपला, कोपरे चाचपले, कोंबड्या ज्याच्यावर बसून झोपायच्या ती आडवी दांडी धरून हलवली. दांडी खाचेत घट्ट बसली होती. ती निघते का म्हणून तिने खांदा दाराला टेकवून जोर लावला. लवकर निघेना. हात अवघडला आणि हाताला मुंग्या आल्या.

तिने हात बाहेर काढून झटकला. मुंग्या गेल्या नाहीत. तिने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मुंग्या मनगटावरून वर सरकल्या आणि कोपराकडे निघाल्या.

मुंग्या चालत होत्या.

धाकटी तशीच बसून राहिली, हात समोर धरून. उजेड अजून पुरेसा होता. हातावर धुळीचे कण होते, राखेसारखे, आणि ते कण आपापल्या वाटेने निघाले होते. तिने दुसऱ्या हाताच्या बाहीने पुसलं. पांढऱ्या बाहीवर लाल रेघ उमटली. पुन्हा पुसलं, आणखी एक रेघ. मग तिने दोन्ही हातांनी दांडी धरून अशी उपटली की ती मागे पडता पडता वाचली. दांडीचं टोक ज्या खाचेत बसत होतं तिथे राखाडी भुकटी साचली होती, त्यात लालसर दाणे होते, आणि ती सगळी भुकटी मंद हलत होती.

तिच्या घशातून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा हे तिलाच सांगता आलं नसतं.

"आई! आई, मुंग्या!"

आई दारात आली. हातात दाण्यांचा डबा तसाच. "काय झालं? कुठे आल्या?"

"इथे! हे बघ, या बघ तुझ्या मुंग्या!"

आई हळूहळू आली, वाकली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दांडीच्या टोकाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली ती दांडीकडे नाही, लेकीकडे बघायला.

"तुला दिसतात?" तिने विचारलं.

"दिसतात काय, चावताहेत मला!"

"नाही, म्हणजे... तुला दिसतात ना?"

"दिसतात, आई. मला दिसतात."

आईने डबा खाली ठेवला आणि ती खुराड्याशेजारच्या पायरीवर बसली.  एवढा आनंद किडे पाहून जगात कुणाला झाला नसेल. ती बाहीवरच्या लाल रेघेला बोट लावून म्हणाली, "हे रक्त माझं असणार बहुतेक."

"तुझं नाहीतर मास्तरणीचं."

मग दोघींना हसू फुटलं, आणि आईच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. "मला वाटलं," ती म्हणाली, "मला वाटलं, ताईसारखंच झालं. मी दिवसा स्वतःला सांगायचे, काही नाहीये, काही नाहीये. आणि रात्री पुन्हा..." तिने मान हलवली. "तुझ्याशी खोटं बोलले मी. येत होत्या. रोज येत होत्या."

"माहीत होतं मला."

"मग सोमवारच्या गोळ्या?"

"कसल्या गोळ्या? गोळ्या किड्यांना देऊ."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या संध्याकाळी धाकटीला कळलं. आपला जीव इतके दिवस किती उंचावर टांगलेला होता, हे खाली पडल्यावरच समजतं.

बाकीचं मग सोपं होतं. धाकटीने खुराडं भिंतीपासून थोडं ओढलं. मागच्या फळीवरून एक राखाडी वाट भिंतीवर चढत होती, थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत. चौकटीच्या खालच्या अंगाला भेग होती, आणि भेगेच्या पलीकडे आईची उशी. भिंग लावून गादी तपासणाऱ्या बाईने एकदा खिडकीखाली वाकून पाहिलं असतं तर हा सगळा प्रपंच टळला असता. पण मुंग्या म्हटल्यावर आधी सगळ्यांनी शिरा तपासल्या, मग गादी, मग डोकं. कोंबड्यांकडे जायचं कुणाला सुचलं नाही.

"तीस वर्षं लोकांची पत्रं बरोबर पोचवली," आई नाक पुसत म्हणाली. "आणि माझं एक वाक्य सगळीकडे चुकीच्या पत्त्यावर गेलं."

*

जनावरांचे डॉक्टर फोनवर भेटले. धाकटीने वर्णन केलं तर त्यांनी ते पुरतं होऊही दिलं नाही. लाल पिसवा म्हणा, तांबड्या गोचिडी म्हणा, लोक काहीही म्हणतात, ते म्हणाले. दिवसा फटींत लपतात, अंधार पडला की बाहेर येऊन रक्त पितात. कोंबड्यांच्या अंगावर दिवसा शोधून सापडायच्या नाहीत. तुरे फिके पडलेत का? पडले होते. जवळ माणूस झोपत असेल तर त्यालाही सोडत नाहीत. जुनं लाकूड जाळून टाका, भेगा बुजवा, कपडे आणि चादरी उकळत्या पाण्यात घाला. सकाळी दवाखान्यातून पावडर न्या, कोंबड्यांच्या पंखांखाली चोळा, नव्या खुराड्यात टाका आणि आठवड्याने पुन्हा एकदा सगळं करा, कारण किड्यांची अंडी मागे राहतात. "नवं खुराडं कसलं घेतलंत?"

"प्लास्टिकचं."

"उत्तम. त्याला सांधे नाहीत. धुतलं की झालं."

"ऐकलंस?" धाकटी आईला म्हणाली. "तू चित्रातलं घर घेणार होतीस."

"नाही घेतलं ना? मग!"

मग धाकटीने दादाला फोन लावला.

"दादा, आईला मुंग्या येत होत्या."

"हो गं, माहितेय. म्हणून तर सोमवारी..."

"तशा नाही. खऱ्या. मी आत्ता पाहिल्या."

 मग दादाने अगदी मऊ आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं विचारलं, "तू नीट जेवतेयस ना? झोप होतेय तुझी?"

धाकटीला इतकं हसू आलं की तिला बोलता येईना. तिने फोन बंद केला, दांडीचं टोक उजेडात धरून त्याचा व्हिडिओ काढला आणि पाठवून दिला. फोन लगेच वाजला.

"हे काय हलतंय?"

"आईच्या मुंग्या."

तिने सगळं सांगितलं. खाच, भिंत, भेग, उशी. दादा ऐकत राहिला. मध्येच त्याने नाक ओढल्याचा आवाज आला. "म्हणजे ती बरी आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला, "बरी आहे ना ती?" आणि मग, कशाचा कशाला संबंध नसताना, "मी खोलीला रंग दिला गं. तिच्या आवडीचा."

आईने फोन हातातून घेतला. "छान केलंस. तू झोप त्यात. आणि रविवारी न्यायला येऊ नकोस, जेवायला ये. येताना काही आणू नकोस, जाताना मात्र तो मानेचा पट्टा घेऊन जा. कोंबड्या हसतात मला."

फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली आणि तिने अंगणभर एकदा बघून घेतलं. कुंपण, नळ, वाळत घातलेली पायपुसणी, हिरवं खुराडं. महिनाभर ती हे सगळं निरोप घेतल्यासारखं बघत होती हे धाकटीच्या आता लक्षात आलं.

*

जुनं खुराडं दोघींनी अंगणाच्या मधोमध ओढलं. धाकटीने हातमोजे चढवले, पत्रा काढून बाजूला टाकला आणि हातोडीने फळ्या सुट्या करू लागली. प्रत्येक फळीच्या पाठीमागे तीच राखाडी वस्ती होती. ती पाहून तिला आता किळस वाटायला लागली होती, आणि किळस वाटू लागली तसा रागही येऊ लागला. हसून झाल्यावर कुणावर तरी रागवावंसं वाटतंच.

"हे कुणी गळ्यात मारलं तुझ्या? सांग मला. उद्या जाऊन चार शब्द सुनावून येते. कीड लागलेला माल विकायला लाज नाही वाटली?"

आई काड्यापेटी घेऊन उभी होती. तिने ती नुसती हातात फिरवली.

"आई?"

"विकत नाही घेतलं गं."

"मग?"

"ताईच्या घरचं आहे. तिचं घर आवरलं तेव्हा कोंबड्या सगळ्यांनी वाटून नेल्या. हे कुणालाच नको होतं. मी म्हटलं, तिची आठवण म्हणून राहील, तर घेऊन आले."

धाकटीची हातोडी हातातच राहिली. तिने मावशीचं घर डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. मागचं अंगण, आणि झोपायची खोली. खुराडं कुठे होतं ते तिला आठवेना. आईला मात्र आठवत असावं, कारण ती खिडकीकडे बघत होती.

"मी जायचे ना तिच्याकडे," आई म्हणाली, "तेव्हा तिच्यादेखत चादर झटकून दाखवायचे. म्हणायचे, दाखव कुठे आहेत किडे. भर दुपारी."

"आई, तुला कसं कळणार होतं?"

"कळणार नव्हतंच. तुला तरी कुठे कळलं?" तिने काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढली. "तिकडे शहरात नेल्यावर गोळ्या सुरू केल्या. आठवड्यात किडे गेले. आम्ही सगळे म्हणालो, बघा, कसा गुण आला."

खालच्या कागदाने पेट घेतला. मग वाळलेल्या फळ्या तडतडू लागल्या आणि दोघी थोड्या मागे सरकल्या. जुनं लाकूड होतं, चांगलं पेटलं.

"ती तिकडे गेली," आई म्हणाली. "किडे इकडे राहिले."

 धाकटीने हातमोजा काढला आणि आईचा हात धरला. आईचा हात थंड असेल, ती आता कोलमडेल, असं तिला वाटलं होतं. पण हात उबदार होता, आणि आईच्या चेहऱ्यावर आगीचा उजेड पडला होता, आणि त्या उजेडात ती चक्क हसत होती. गालावरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलंसुद्धा नाही.

"म्हणजे ताई आणि मी, आम्ही दोघीही शहाण्याच होतो," ती म्हणाली.

तिच्या आवाजात एवढा आनंद होता की धाकटीला आधी तेवढाच ऐकू आला. बाकीचं, मावशीचं, नंतर पोचलं. तोवर फळ्या खाली बसल्या होत्या आणि आई काठीने निखारे सारून उरलेली दांडी आत ढकलत होती.